माझी चावी मुंबईला होती

मित्रांनो, मी कुलपात ठेवलेला रेडिओ आहे. चोरांनी पळवू नये म्हणून ते कुलूप नव्हतं. ऐकणाऱ्यांनीच मला हात लावू नये म्हणून होतं. माझ्या तोंडावर एकच बटण, चालू-बंद करण्यापुरतं. कुठलं केंद्र लावायचं, तो काटा आत, पत्र्याच्या झाकणाखाली. हे कुलूप ज्यांनी लावलं त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो का, ते तुम्ही ऐकायला हवं.

१९३६ साली ‘ग्रामवाणी मंडळी’ नावाच्या कंपनीनं कल्याणजवळ एक उंच खांब उभारला आणि मध्यम लहरींवरून खेड्यांसाठी कार्यक्रम सुरू केले. त्यांच्याच शेडमध्ये माझा जन्म झाला. सागाची पेटी, आत आवाज पकडणारे पाच काचेचे दिवे, आणि माझ्याहून जड अशी बॅटरी. मोटारीनं मी मुरबाडला आलो. तिथून पुढं मोटार जाईना, म्हणून चौघांनी मला डोलीत घालून करवंदवाडीला चढवलं. सोबतच्या कारकुनानं मला चावडीत ठेवलं, काटा लावला, कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकून तो निघून गेला.

गावानं मला जिवापाड जपलं. बॅटरी उतरली की तरणे गडी ती आळीपाळीनं डोक्यावरून मुरबाडला नेत. तिथून मोटारीनं ती कल्याणला जाई आणि भरून आली की पुन्हा डोंगर चढे. माझं बटण फिरवायचा मान कुंडलिकचा होता. त्याची बायको हिराबाई अगदी पुढं बसे. गाण्यांच्या वेळी ती सूप घेऊन नाचणी पाखडत राही, पण शेतकीची माहिती सुरू झाली की तिचं सूप थांबे.

दुसऱ्याच वर्षी मी सांगितलं, की ढोरांत बुळकांडीची साथ येते आहे आणि सोमवारी मुरबाडला फुकट टोचणी आहे. म्हातारे म्हणाले, “पेटीचं काय ऐकता रे?” हिराबाईनं ऐकलं. तिनं आपले दोन्ही बैल नेले, तिच्यामागून अर्धा गाव गेला. त्या साली टोचलेलं एकही जनावर मेलं नाही. मग मात्र गावानं माझ्यावर पुरता भरवसा टाकला. पूर्वी दवंडीवाला डोंगर चढून येई. आता रेडिओ आहे म्हणून त्यानंही येणं सोडलं. हे नीट ध्यानात घ्या. गावाचा दुसरा कान माझ्यामुळे बंद झाला होता.

१९३९ साली कंपनीच्या मालकांना कळलं, की करवंदवाडीचे लोक साबण आणि घड्याळं विकत घेत नाहीत. मुंबईचे दुकानदार जाहिरातीचे पैसे द्यायला तयार होते, पण त्यांची गिऱ्हाइकं मुंबईत होती. तेव्हा कल्याणचा खांब उतरवून मुंबईत समुद्राकाठी उभा करायचं ठरलं. जावं बापडं. केंद्र चालायचं तर त्याला पैसा लागतो, एवढं मलाही कळतं. शिवाय मुंबईचा आवाज आमच्या डोंगरापर्यंत आरामात पोचला असता. पण जागा बदलली तसा केंद्राचा आकडाही बदलला.

शेवटच्या दिवशी माझ्याच तोंडून ते बोलले, “उद्यापासून श्रोत्यांनी आपापल्या रेडिओचा काटा नव्या आकड्यावर फिरवावा.”

चावडीत सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“काटा कुठं हाय?” कुंडलिकनं विचारलं.

“आत हाय, कुलपात,” हिराबाई म्हणाली. “आन् चावी त्यांच्यापाशी.”

दुसऱ्या दिवसापासून माझ्यातून नुसती खरखर येऊ लागली. कुंडलिकनं मुरबाडच्या मास्तरांकडून पत्र लिहवून घेतलं: चावी पाठवा, नाहीतर माणूस पाठवा. उत्तर नाही. दुसरं पत्र गेलं, तिसरं गेलं. एकजण म्हणाला, “फोडू की कुलूप.” हिराबाईनं त्याला अडवलं. “दुसऱ्याची वस्तू हाय. फोडली तर ती घेऊन जातील.” तिला काय ठाऊक, की न फोडताही ते नेणारच होते!

त्या वर्षी बुळकांडी पुन्हा आली, आणि आधीच्या टोचणीचा गुण तोवर उतरला होता. मुंबईहून तीन दिवस टोचणीची सूचना सांगितली जात होती. ती माझ्या पेटीवरून वाहत गेली, आणि मी दगडासारखा चावडीत बसून राहिलो. करवंदवाडीत अकरा ढोरं मेली. हिराबाईचा तांबडा बैल त्यातच गेला. ती चावडीत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, “तुजी चूक नाय रे.” त्यापेक्षा तिनं मला लाथ मारली असती तर बरं झालं असतं.

पाच महिन्यांनी कंपनीचे तपासनीस कमळाकरराव आले. त्यांच्या हातात कागद होता. ते म्हणाले, “या गावात रेडिओ कुणी ऐकत नाही. उत्पन्न शून्य, श्रोते शून्य. यंत्र परत न्यायचा हुकूम आहे.”

“ऐकत नाय?” हिराबाई पुढं झाली. “तुमी तोंड बांधलंत त्याचं, आमी काय ऐकणार? अवो, येकदा उघडून तर बघा!”

“चावी मुंबईला आहे, बाई.”

“मग नुसता कागुद घेऊन वर कशाला आलात?”

कमळाकररावांनी मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता. पण मान खाली घालून त्यांनी मला उचलायचीच खूण केली.

मला शहापूरला नेलं. तिथल्या एका भातगिरणीचे शेठ कंपनीला जाहिराती देत, त्यांना मी भेट म्हणून मिळालो. मुंबईहून चावी दोन दिवसांत आली! कमळाकररावांनी झाकण उघडलं, काटा अर्धं बोट सरकवला, आणि मी खणखणीत बोलू लागलो. अर्ध्या बोटाचं काम! त्यासाठी अकरा ढोरं गेली होती. शेठ माझ्यातून आपल्याच गिरणीचं नाव ऐकून खूश होत. शेतकीची माहिती लागली की उठून जेवायला जात.

पुढच्या हंगामात कुंडलिक आणि हिराबाई शेजाऱ्याचा बैल जोडीला घेऊन, दोन्ही बैलांच्या पाठीवर गोणी लादून त्याच गिरणीवर भात भरडायला आले. मी खिडकीशी बोलत होतो: बुधवारी, मुरबाडला, बुळकांडीची टोचणी. हिराबाई जागच्या जागी थांबली.

“अवो, ह्यो आपला रेडिओ! वार कंचा सांगितला?”

“बुधवार,” कुंडलिक म्हणाला. “म्हंजे परवाच गो!”

“तुमी बैलं घेऊन मागनं या. मी होते म्होरं.”

सहा कोस ती जवळजवळ धावतच गेली. बुधवारी करवंदवाडीतलं एकूण एक ढोर मुरबाडला उभं होतं. तेव्हापासून दर आठवड्याला गावातलं कुणी ना कुणी पाळीनं शहापूरला येई, खिडकीखाली उभं राही, ऐके आणि परत चालू लागे. हळूहळू शेजारच्या पाड्यांचीही माणसं येऊ लागली.

मित्रांनो, कुठलंही यंत्र गावातून हलवताना ते परवडतं का, हे जरूर विचारा. पण ज्यांच्याकडून ते काढून घेता, त्यांना एकदा तरी विचारा. आमच्या कंपनीनं विचारलं नाही. तिनं खिडकीखालची माणसं मात्र मोजली, आणि त्या वर्षीच्या अहवालात अभिमानानं छापलं: ‘यंत्र योग्य जागी हलवल्यामुळे शहापुरात श्रोते वाढले.’

त्यांतला एकही माणूस शहापूरचा नव्हता.