खुब्यावरचं निळं टिंब

आईने पस्तीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना इंजेक्शन द्यायला शिकवलं. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करायचे आणि वरच्या, बाहेरच्या भागात सुई घालायची. भलतीकडे गेली तर पायात उतरणाऱ्या जाड नसेला इजा होते, पाय लुळा पडू शकतो. शेवटच्या आजारात तिच्याच कुल्ल्यावर मांस उरलं नाही. मग दुखणं थांबवायचं इंजेक्शन बाजूने, खुब्यावर द्यायचं ठरलं. सकाळी तिची जुनी विद्यार्थिनी येऊन देई. संध्याकाळचं माझ्यावर आलं.

पहिल्या संध्याकाळी ती उजव्या कुशीवर वळली. कळ दाबून धरल्यामुळे ओठ पांढरे पडले होते.

"इतकी पुस्तकं वाचलीस, आता आईचं हाड शोध."

सुई उजव्या हातात होती म्हणून मी डावा तळवा तिच्या डाव्या खुब्यावर ठेवला.

"अगं, निघालीस कुठे? नसेच्या घरी?"

"मग कसं?"

"डाव्या खुब्याला उजवा हात. सुई ठेव खाली. तळवा मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर, पहिलं बोट कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाला, मधलं मागे ताण. दोन बोटांच्या मधे पेनने टिंब काढ, मग हात बदल."

"तुला दुखलं तर?"

"दुखतंच आहे की. तू काय नवीन करणार?"

मी शेजारच्या खोलीत गेले, कपाटाच्या आरशासमोर उभी राहून आधी माझंच हाड शोधलं. परत येऊन टिंब काढलं, सुई दिली.

"पास," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "काठावर."

पुढे एक दिवस डावी बाजू, एक दिवस उजवी. मी फार चाचपत बसते म्हणून डाव्या बाजूचं टिंब उजव्या हातात पेन धरून ती स्वतःच काढून ठेवू लागली. तरी मी हात लावून बघायचेच. "विश्वास नाही बाईचा," म्हणायची. पण त्यावर खूश असायची.

ती दुपारी गेली. विद्यार्थिनी धावत आली. आम्ही दोघींनी तिला ओल्या फडक्याने पुसायला घेतलं. कुशीवर वळवलं तर डाव्या खुब्यावर ताजं निळं टिंब होतं, संध्याकाळसाठी.

माझा उजवा हात आपसूक तिथे गेला. तळवा, पहिलं बोट, मधलं बोट. टिंब बोटांच्या मधे नव्हतं. बरंच मागे होतं.

विद्यार्थिनीनेही बघितलं. "मॅडमचं चुकलं," ती अगदी हळू म्हणाली. तिचा विश्वास बसत नव्हता.

"हात थरथरला असेल."

"तू तिथेच दिली असतीस?"

"नाही. मी जागा शोधली असती."

तिने मान हलवली आणि फडकं पुढे केलं. आईच्या अंगावर चुकीची जागा राहू द्यायची नव्हती. शाई पहिल्या पुसण्यात निघाली नाही. फडकं पुन्हा भिजवावं लागलं.