पुढच्या रांगेतल्या सासवा

विश्वजीतला मराठीतून बोलायची फार हौस. पोरगा पुण्याचा, शिकला अमेरिकेत, नोकरी लोअर परळच्या काचेच्या ऑफिसात. पण कुठल्याशा शिबिरात त्याला कुणी सांगितलं होतं की लोकांशी लोकांच्याच भाषेत बोलावं. तेव्हापासून मी इंग्रजीत काही विचारलं तरी तो ठासून मराठीत उत्तर द्यायचा. गुण चांगला आहे. पण गुणालाही जागा कळावी लागते.

तो ज्या फंडात होता, तिथं श्रीमंतांचे पैसे गरीब वस्त्यांमधल्या छोट्या उद्योगांत घालायचे. उद्योगानं वस्तीचं भलं करायचं आणि वर थोडा नफाही मिळवायचा. 'दान' हा शब्द काढला की विश्वजीतच्या कपाळाला आठी पडायची. पनवेलपुरतं असे उद्योग शोधून देण्याचं काम माझ्याकडे होतं. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन विचुंब्याला राहायला आलेली. नोकरीभर मी लोकांची कर्जं नामंजूर केली, आता त्यांना पैसे मिळवून देत फिरते, यावर माझे यजमान 'पद्मजा, हे तुझं प्रायश्चित्त' म्हणतात. प्रायश्चित्त कसलं? विचुंब्याला दुपारी वेळ जात नाही, एवढंच.

तर मी शोधून काढलं सोनाबाईंचं पाळणाघर. खाडीलगतच्या वस्तीतली एक लांबट खोली, आठ पाळणे, आणि गुडघे गेल्यामुळे मासळीची पाटी सोडलेल्या सोनाबाई. वस्तीतल्या बायका पहाटेच टेम्पोनं करंजा बंदरावर लिलावाला जायच्या, मासळी घेऊन यायच्या आणि दिवस वर येईपर्यंत पनवेलभर विकायच्या. तोवर पोरांना कोण बघणार? पाळणाघर निघायच्या आधी वेणू नावाची त्यांच्यातली एक तरणी बाई आपल्या रांगत्या लेकीच्या, गोदूच्या, कमरेला लुगड्याचा काठ बांधून दुसरं टोक खाटेच्या पायाला बांधून जायची. एकदा गाठ सुटली आणि गोदू थेट खाडीच्या चिखलात सापडली. जिवंत सापडली, हे नशीब. सोनाबाईंनी दुसऱ्याच दिवशी खोली बघायला सुरुवात केली.

ही खोली आता मालकाला बिल्डरला द्यायची होती. महिनाअखेर रिकामी करा म्हणाला. बाजारामागची एक खोली मिळत होती, पण तिचं पागडीसारखं डिपॉझिट ऐकूनच घाम फुटावा. फंडाचे पैसे आले तर पाळणाघर राहणार. नाही आले तर गोदू परत खाटेच्या पायाला. तो खाटेचा पाय माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मी सोनाबाईंना सगळं समजावलं. फंडाला परतावा दोन प्रकारचा हवा असतो, एक पैशाचा आणि एक समाजाच्या भल्याचा.

"दोन-दोन परतावं?" सोनाबाई म्हणाल्या. "मंग सावकार बरा की. त्यो येकच मागतो."

तरी तयार झाल्या. विश्वजीत पाहणीला येणार, बायकांना भेटणार, फोटो काढणार आणि मुंबईत त्यांच्या समितीपुढं ठेवणार, असं ठरलं. जाताना मी सांगितलं, "काही विशेष करू नका हं. रोज असता तशाच या."

सोनाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांना पाहुण्यांपुढं उष्टं ताट ठेवायला सांगितलंय.

ठरल्या दिवशी मी विश्वजीत आणि त्याची सहकारी रेवा यांना पळस्पे फाट्यावर गाठून वस्तीत घेऊन आले, आणि रिक्षातून उतरायच्या आधीच माझं अवसान गळालं. खोलीपुढं मांडव होता. लाल-पांढरी झालर, भाड्याच्या खुर्च्या, दोन कर्णे. सोनाबाईंचे यजमान काशिराम माईक हातात घेऊन "हॅलो, हॅलो" करत होते, आणि माईक काही बोलत नव्हता. हे सकाळपासून चालू असल्याचं कळलं. आणि मांडवात पाळणाघरात पोरं ठेवणाऱ्या आठही बायका नव्या लुगड्यांत, डोक्यात अबोलीच्या वेण्या आणि अंगावर सोनं. नुसतं सोनं नव्हे, सोन्याचा पूर! गळ्यात बेंबीपर्यंत आलेले पोहेहार, हातात पाटल्या, दंडात वाकी, कानात एवढाली फुलं. दुपारच्या उन्हात डोळे दिपले. मासळी विकणाऱ्या बायका नव्हत्याच त्या, आठ देव्या होत्या.

त्यांच्या पुढं, अगदी पहिल्या रांगेत, त्यांच्या सासवा. त्याही तशाच मढलेल्या. मधोमध वेणूची सासू ठमाबाई. ही बाजारात सुकट विकायला बसते आणि तिच्याशी भाव करायची हिंमत अख्ख्या पनवेलात कुणाची नाही.

विश्वजीतनं हात जोडले, पाणी प्याला आणि मला बाजूला घेतलं.

"पद्मजाताई, आपण अहवालात 'अल्प उत्पन्न गट' असं लिहिलं होतं."

"आहेच मुळी."

"एकेकीच्या अंगावर माझ्या गाडीएवढं सोनं आहे. हा फोटो समितीला दाखवला तर तेच या बायकांकडून कर्ज मागतील. क्षमा करा, हे आपल्या निकषात बसत नाही."

म्हणजे तो निघालाच होता. रेवा तोवर तांदळाच्या भाकरीबरोबर तळलेली कोलंबी खायला बसली होती म्हणून थांबला.

मी तशीच आत गेले. सोनाबाई सोलकढी ढवळत होत्या.

"सोनाबाई, अहो काय केलंत हे! त्या बायकांना सांगा, दागिने काढून ठेवा म्हणून. निदान फोटोपुरते. नाहीतर ते निघाले."

"काढून?" सोनाबाईंच्या हातात कढीचा डाव तसाच राहिला. "पावनं आलं घरी आन बायांनी लंकेची पार्वती हून बसायचं? भिकारी हाव आमी?"

"तसं नाही, पण त्यांना वाटतंय तुम्ही श्रीमंत आहात!"

सोनाबाईंनी दाराकडं बघितलं, मग माझ्या कानाशी आल्या. त्यांच्या तोंडाला कढीतल्या लसणाचा वास होता.

"ताई, ते सोनं नाय. बाजारातलं येक ग्रामवालं हाय. वरना मुलामा."

"काय?"

"खरं सोनं कवाच गेलं. ह्या खोलीचं डिपॉझिट भराला, पाळणं घ्याला, ते पुढं गंजलेलं पत्रं बदलाला. आठीजनींनी आपापलं इकलं आन ह्यात घातलं. वेणूनं तर लग्नातला पोहेहार घातला, ठमाबायनं सोताच्या हातानं तिच्या गल्यात घातलेला." त्यांनी पुन्हा दाराकडं बघितलं. "सासवांना ठाव नाय. म्हनून दागिनं काढाचं नाव काढू नका. हातात घेतलं की वजनानंच कलतं. ठमाबाय वेणूला आजच्या आज माहेरी धाडंल."

म्हणजे फंड येण्याआधीच इथं एक फंड होता! विश्वजीत ज्याला गुंतवणूक म्हणत होता, ती या बायकांनी गळ्यातून काढून केली होती. मला एकदम इतकं भरून आलं की रडू येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी सोनाबाईंच्या खांद्यांना धरून गदागदा हलवावंसंही वाटलं. हे आधी सांगितलं असतं तर!

"हे मी त्यांना सांगू?" मी विचारलं.

सोनाबाईंनी विचार केला. "तुमच्या विंग्रजीत सांगा. सासवांना विंग्रजी येत नाय."

याहून शहाणपणाची योजना मला त्या क्षणी सुचली नसती. मी पदर खोचला आणि बाहेर आले.

बाहेर काशिरामांनी एका वायरीला चिकटपट्टी लावली होती आणि माईक नुकताच जिवंत झाला होता. एवढ्या खटपटीनंतर त्यात कुणीतरी बोलायलाच हवं, म्हणून त्यांनी तो आदरानं विश्वजीतच्या हातात दिला होता. आभाराचे दोन शब्द बोलून निघायचं, असा विश्वजीतचा बेत दिसत होता. मी त्याच्याजवळ गेले आणि हळू आवाजात, अस्सल बँकेच्या इंग्रजीत, त्याला सगळं सांगितलं. सासवा माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या.

विश्वजीतचे डोळे मोठे झाले. आणि मग, लोकांशी लोकांच्या भाषेत बोलणाऱ्या त्या गुणी मुलानं, माईक तोंडापाशी तसाच धरून, मला विचारलं:

"म्हणजे हे सगळं सोनं खोटं आहे?"

दोन्ही कर्ण्यांतून ते पार खाडीपल्याड गेलं.

सुनांचे हात आपापल्या हारांवर गेले. वेणूचा चेहरा कागदासारखा पांढरा. काशिरामांनी झटकन वायर ओढली, पण बाण सुटला होता.

ठमाबाई उठली. सावकाश, खुर्चीचा हात धरून. चालत वेणूपुढं येऊन उभी राहिली.

"काढ."

वेणूनं पोहेहार काढला. ठमाबाईनं तो तळहातावर तोलला, मग एक पोहा दाताखाली धरून चावला.

"खोटा हाय," ती म्हणाली.

"आई, मी..." वेणू रडत म्हणाली. "गोदू चिखलात... मना दुसरं काय सुचलं नाय. मी इकला आन हितं घातला. मना धाडू नका."

मी मध्ये पडायला पुढं झाले, पण सोनाबाईंनी मागून माझा पदर धरला. ठमाबाई सुनेजवळ सरकली. मग तिनं स्वतःच्या गळ्यातला पुतळ्यांचा हार काढला. इतका जाडजूड की तो गळ्यात घेऊन ही म्हातारी सरळ कशी चालते, असं मला आल्यापासून वाटत होतं. त्यातली एक पुतळी तिनं तश्शीच दाताखाली धरली.

"ह्यो पन खोटा हाय," ठमाबाई म्हणाली.

वेणूनं रडायचं थांबवलं.

"गोदूच्या वक्ताला तू दवाखान्यात व्हतीस. डागदर बोलला, बाय नायतर पोर, येकच. मोठ्या दवाखान्यात नेली तर दोगी. तवा मी इकला." ठमाबाईनं पुतळी पदराला पुसली. "तुना सांगितलं नाय. उठता-बसता सुनंच्या डोक्यावर उपकार नको म्हनून."

आता वेणू रडायला लागली, ती वेगळी. आणि पुढच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. एका सासूनं घसा खाकरून, बोटीच्या इंजिनात आपल्या पाटल्या गेल्याचं सांगितलं. तिच्या शेजारणीची वाकी मुलाच्या नोकरीसाठी गेली होती आणि नोकरी लागलीच नव्हती. तिसरीनं हार काढून मांडीवर ठेवला आणि ती खुदकन हसली. मग सगळ्याच हसायला लागल्या. सासवा हसतायत, सुना हसतायत, डोळे पुसतायत, एकमेकींचे हार दाताखाली धरून बघतायत. सगळ्यांची खरेदी बाजारातल्या एकाच दुकानातली निघाली आणि दुकानदारानं सासवांना सुनांपेक्षा जास्त भाव लावलेला निघाला, तेव्हा मात्र ठमाबाई भडकली. अख्ख्या मांडवात खरं सोनं म्हणाल तर माझं मंगळसूत्र आणि विश्वजीतच्या बोटातली अंगठी.

विश्वजीतला आता कुठं उजाडलं. काशिरामांनी उत्साहाच्या भरात वायर पुन्हा जोडली होतीच.

"म्हणजे आपण निकषात बसतो!" तो माईकवरून ओरडला.

"ए पोरा," ठमाबाई म्हणाली, "त्यो भोंगा ठेव आधी खाली."

त्यानं ठेवला. मग ठमाबाईनं त्याला समोर बसवून सोलकढी दिली आणि विचारलं, तुझ्या फंडात पैसे घातलेत त्या लोकांनी अंगावरचं काय काढून दिलं? विश्वजीत पहिल्यांदाच इंग्रजीत काहीतरी पुटपुटला.

पैसे मंजूर झाले. समितीत हा किस्सा सांगताना विश्वजीत म्हणे दोनदा अडखळला. पाळणाघर बाजारामागच्या खोलीत गेलं. ठमाबाई रोज सुकटीची पाटी मांडायच्या आधी तिथं डोकावते आणि प्रत्येक पाळण्याचा दोर ओढून बघते, कारण तिच्या मते वेणूच्या पोहेहारापायी त्यात तिचाही वाटा आहे. तो आहेच.

पण त्या दिवशी फोटो राहिला होता. रेवानं कॅमेरा काढला आणि बायकांकडं बघून घुटमळली. हार, पाटल्या, वाक्या सगळ्या टेबलावर ढिगानं पडलेल्या. समितीला हवा होता तसाच फोटो समोर तयार होता. रिकाम्या गळ्यांच्या, रडून डोळे सुजलेल्या बायका.

"अशाच उभ्या राहा," रेवा म्हणाली.

"अशाच?" ठमाबाईनं तिच्याकडं वळून पाहिलं. मग तिनं ढिगाऱ्यातून वेणूचा पोहेहार शोधून काढला, पदरानं पुसला.

"वाक," ती सुनेला म्हणाली. "पयला मी घातला व्हता. ह्यो पन मीच घालनार."

वेणू वाकली. ठमाबाईनं हार तिच्या गळ्यात घातला, अबोलीची वेणी सरळ केली आणि गोदूला तिच्या कडेवर दिलं. मग सगळ्याजणींनी आपापले दागिने शोधून घातले, त्यात पाटल्यांची थोडी अदलाबदल झाली, आणि रेवानं फोटो काढला.