एका बाटलीत

"ओआरएसचं अख्खं पाकीट एका बाटलीत टाका, आई, आणि घोट घोट पाजत राहा. जुलाब लगेच नाही थांबले तरी घाबरू नका, पाणी पोटात गेलं पाहिजे." मोबाइल कानाला लावून कुणाली भराभर बोलली आणि प्रयोगशाळेत शिरली.

शहापूरच्या कॉलेजात आज तिची बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची वनस्पतिशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा होती. दहा महिन्यांच्या प्रणितला पहाटेपासून पातळ होत होतं. त्याला टाकून जायला तिचा पाय निघत नव्हता. सासूनेच, सरस्वतीबाईंनी, तिला हाकललं होतं. "जा गो! आमी काय पोरं वाढवली नाय? बुकं शिकून मंग वाढवली काय?"

टेबलावर रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी साल होती. कुणालीने तिच्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशीची भिंत जागच्या जागी राहिली, पण आतला जांभळा भाग आकसत आकसत मध्ये गोळा झाला.

"असं का झालं?" परीक्षकांनी विचारलं.

"बाहेर मीठ जास्त झालं, सर. आतलं पाणी बाहेर ओढलं गेलं."

उत्तर बरोबर होतं. ती बाहेर आली आणि सगळ्यात आधी घरी फोन लावला.

"पितोय मातर झकास," सरस्वतीबाई म्हणाल्या. मागून प्रणितचं रडणं ऐकू येत होतं, बारीक, चिरकं, त्याचं नसल्यासारखं. "बाटली तोंडातून काढली की बोंबलतो. दोन पाकिटं संपली, तिसरं आताच कालवलं बघ."

पोर पितंय म्हणून कुणालीला आधी बरं वाटलं. मग तिच्या मनाने हिशेब केला. एक पाकीट म्हणजे एक लिटर. दोन लिटर पाणी या एवढ्याशा पोटात गेलं कसं?

"आई, कुठल्या बाटलीत कालवलं?"

"कुठल्या म्हंजी? बाळाच्या. तूच बोलली ना, एका बाटलीत?"

शेणवे गावातल्या त्या घरात पाणी हंड्यातून तांब्याने घेऊन प्यायचे. बाटली म्हटली की एकच, प्रणितची दुधाची, पाव लिटरची. लिटरची बाटली कुणालीच्या कॉलेजच्या पिशवीत असायची. तीच डोळ्यासमोर ठेवून ती सकाळी बोलली होती.

चौपट मीठ! ती फोनवर ओरडली.

"ते ओतून टाका! आता काही पाजू नका. शेजारच्या कमळूभाऊंना रिक्षा काढायला सांगा, शहापूरला आणा त्याला. आत्ताच्या आत्ता!"

"अगो, पण झालं काय?"

"आणा म्हटलं ना, आई!"

ती नाक्यावर उभी राहिली. दिसेल त्या रिक्षाच्या पुढे धावत होती, आत वाकून बघत होती. एक रिक्षावाला खेकसला, "ताई, मरायचंय काय?" तिला ते ऐकूसुद्धा आलं नाही.

प्रणित हातात आला तेव्हा त्याची जीभ सुकली होती. पोटाची कातडी बोटांना भाकरीच्या मळलेल्या पिठासारखी लागली. मुलांच्या दवाखान्याच्या पायरीवर त्याचा डावा हात झटके देऊ लागला, मान ताठली, डोळे वर गेले. सरस्वतीबाई मोठ्याने देवाचा धावा करू लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. मग विचारलं, "काय पाजलंत आणि कसं?"

सरस्वतीबाईंनी कुणालीकडे पाहिलं.

"मी सांगितलं तसं पाजलं त्यांनी," कुणाली म्हणाली. "एका बाटलीत, असं मी सांगितलं. किती पाण्यात, ते सांगितलं नाही."

रिपोर्टमध्ये रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचं प्रमाण, एकशे अडुसष्ट आलं; ते एकशे पंचेचाळीसच्या आत हवं. "फार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण एकदम उतरवायचं नाही. दोन दिवस लावून, सावकाश. मी सांगेन तेवढंच द्यायचं. वर पाण्याचा थेंब नाही."

"तो वाचेल ना?"

"आजची रात्र जाऊ दे."

तासाभराने प्रणितला जाग आली. ओठ चाटत तो त्याच चिरक्या आवाजात रडू लागला. कुणालीने क्षणभर डोळे मिटले. तेवढ्यात सरस्वतीबाईंनी पदराचं टोक घरून आणलेल्या तांब्यात बुडवलं आणि त्याच्या तोंडाशी नेलं. त्याने ते अधाशासारखं पकडलं.

कुणालीने पदर हिसकला.

"एवढी कशी गो दगड तू? लेकरू पाणी मागतंय!"

"आई, ऐका." तिचा आवाज फाटला. "मिठाने त्याच्या मेंदूतलं पाणी ओढलंय, मेंदू आकसलाय. आता भसकन पाणी गेलं तर तोच मेंदू फुगेल. वर हाडाची कवटी. फुगून जाईल कुठे? पुन्हा झटके येतील. तसा गेला तर..."

हे सगळं ती परीक्षेत न अडखळता लिहू शकली असती.

सरस्वतीबाई ओल्या पदराकडे बघत राहिल्या. "मंग आमी नुसतं बघत बसायचं?"

"हो. नुसतं बघायचं."

संध्याकाळी दुसरा रिपोर्ट आला. एकशे पासष्ट.

"एवढंच?" कुणाली रडवेली झाली.

"एवढंच हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याच चालीने गेलं तर बरं. पण अजून मी काही बोलणार नाही."

प्रणितने डोळे उघडले. या वेळी नजर कुणालीवर ठरली. मग तिला ओलांडून ती शेजारच्या खाटेजवळच्या पाण्याच्या जगावर गेली. त्याने हात पुढे केला. कुणालीने तो आपल्या मुठीत धरला आणि त्याच्या सुकलेल्या ओठांवरून नजर काढली नाही.

सरस्वतीबाई उठल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईला हळू आवाजात म्हणाल्या, "बाय, राग नको मानू," आणि तो जग उचलून दाराबाहेर ठेवून आल्या.