बावीस मिनिटांची खाडी

तिला विद्यापीठात समुद्राचे प्रवाह मोजायची आणि शिकवायची नोकरी लागली, तेव्हा ताई म्हणाली, "वेगळी खोली कशाला शोधतेस? आमची माडी रिकामीच आहे." ताईचे यजमान, म्हणजे तिचे भावजी, खाडीत प्रवासी लाँच चालवायचे. या काठावरून त्या काठावर, दिवसाला चौदा फेऱ्या. मेहुणी सहायक प्राध्यापक झाली म्हणजे नक्की कोण झाली, हे त्यांनी एकदाच विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "म्हणजे मास्तरीण!" घरात आणि धक्क्यावर तिचं तेच नाव पडलं.

नोकरी तीन वर्षांच्या प्रोबेशनवर होती. नीट काढली तर कायम, नाहीतर हातात नारळ. नीट म्हणजे काय हे ठरवणार विभागप्रमुख. मृदू बोलणारे, इस्त्रीची घडी न मोडणारे गृहस्थ. तिच्या आधीचा मास्तर दोन वर्षांतच सोडून गेला होता. का गेला, असं कुणाला विचारलं की तो माणूस हवापाण्याबद्दल बोलायला लागायचा.

खाडीच्या तळाशी तीन दाबमापक ठेवायचे, डोक्यावर किती पाणी आहे ते त्यांनी दर दहा सेकंदांनी नोंदवायचं, आणि महिन्याने ते वर काढून वाचायचे, हे तिचं पहिलं काम. सोबतीला प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ नाना. निवृत्तीला आलेले. दोराची गाठ आणि तोंडातला शब्द, दोन्ही विचार केल्याशिवाय सोडायचे नाहीत.

सहाव्या महिन्यात तिला शंका आली. भरती-ओहोटीची मोठी, संथ रेघ वजा केली की मागे एक बारीक थरथर उरत होती. पाणी अकरा मिनिटं उतरायचं, अकरा मिनिटं चढायचं. परातीत पाणी घेऊन चालताना ते हिंदकळतं, तशी अख्खी खाडी हिंदकळत होती. प्रत्येक खाडीचा असा एक ठेका असतो, त्यात नवल नाही. पण जुन्या नोंदींत हा ठेका सोळा मिनिटांचा होता. मधल्या काळात बदललं होतं ते एवढंच, की लाटा अडवायला खाडीच्या तोंडापासून समुद्रात शिरणारी नऊशे मीटरची भिंत उभी राहिली होती. भिंतीने खाडी लांबली आणि ठेका बावीसवर गेला.

आणि बाहेरून येणाऱ्या काही लाटांचा ठेकाही नेमका बावीसच होता. हवेचा दाब कधी कधी एकदम उडी घेतो. ती उडी समुद्रावरून पळत निघाली की तिच्याखाली एक लांबच लांब लाट पळते, डोळ्यांना न दिसणारी. पूर्वी ती खाडीत येऊन विरायची. आता झोपाळ्याला बरोबर वेळेवर झोका मिळावा तसं होत होतं. वीतभर आत आलेलं पाणी कमरेएवढं होत होतं. उडी मोठी असली तर काय, याचं गणित तिने तीनदा केलं. तीनदा तेच उत्तर आलं : पाणी पुरुषभर खाली जाईल, मग पुरुषभर वर येईल. वाऱ्याची झुळूकही नसताना.

कार्यालयातून नंबर मिळवून तिने आधीच्या मास्तरला फोन केला. तिचं नाव-गाव ऐकून घेण्याआधीच तो म्हणाला, "तुमचं किती आलं?"

"बावीस."

तो म्हणाला, "भिंतीच्या अहवालावर सल्लागार म्हणून सही कुणाची आहे, ते बघा."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. थांबा म्हणाले. थांबलो. मग थांबवेना, म्हणून निघालो. आता शाळेत गणित शिकवतो. इथे समुद्र नाही."

सही विभागप्रमुखांची होती. तिने आलेख त्यांच्या टेबलावर पसरला. त्यांनी तो शांतपणे, शेवटपर्यंत पाहिला.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. "खरंच चांगलं आहे. पण तीन यंत्रं आणि सहा महिने, एवढ्यावर बंदर बंद करायला सांगायचं? दोनदा लांडगा आला म्हणालात आणि नाही आला, तर तिसऱ्यांदा कोण ऐकेल?"

"निदान बंदर अधिकाऱ्यांना कळवून तरी ठेवू, सर."

"पुढच्या वर्षी तुमचं मूल्यमापन आहे. तोवर विभागाबाहेर एक कागद जाता कामा नये. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय." त्यांनी स्वतः उठून तिला चहा ओतून दिला. आवाज जराही चढला नव्हता.

जेवताना तिने घरी सांगितलं. कागद बाहेर न्यायचा नव्हता, तोंडाचं काय!

भावजी हसले. "समुद्र काय तुमच्या वर्गात बसलाय मास्तरीणबाई, घंटा झाली की उठायला?" पुढचा घास मात्र त्यांच्या हातातच राहिला. "मागच्या महिन्यात एकदा... पान हलत नव्हतं, आणि लाँचचा दोर असा ताणला की खुंटा करकरला. शेजारच्या लाँचवाल्यानेही पाहिलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि गप्प बसलो."

"मग करायचं काय, ते सांग ना," ताई म्हणाली.

"माझा फोन आला की लाँच सोडायची आणि भिंतीबाहेर खोल पाण्यात जायचं. तिथे ती लाट कळतही नाही."

"उतारू चढलेले असले तर?"

"उतारूंसकट."

दोन महिन्यांनी, एका बुधवारी, आभाळ भरलेलं होतं आणि पाणी तेलासारखं सपाट. नऊ वाजून वीस मिनिटांनी नव्वद किलोमीटर बाहेर तरंगत हवेचा दाब मोजणाऱ्या बोयाने दाबाची उडी दाखवली. आजवरच्या सगळ्यात मोठ्या उडीच्या दुप्पट. हातात तासभर होता. विभागप्रमुख विमानात, फोन बंद.

तिने भावजींना लावला. "सोडा."

"आत्ता? बत्तीस जण बसलेत."

"आत्ता."

"बरं." फोन कट झाला.

मग बंदर अधिकारी. "पत्र कुणाच्या सहीचं आहे?" त्यांनी विचारलं.

"पत्र नाही. मी सांगतेय. धक्का रिकामा करा, सगळ्या होड्या बाहेर काढा."

"आपण कोण?"

"सहायक प्राध्यापक."

"पत्र पाठवा मॅडम, बघतो."

ती धावत खाली आली, तर नाना मोटरसायकल सुरू करून उभेच होते. "बसा," ते म्हणाले.

धक्क्यावर ती घसा फोडून ओरडली. कुणी हसलं, कुणी बाजूला झालं. दहा वाजून अठरा मिनिटांनी पाणी निघालं. आवाज नाही, काही नाही. कधी न दिसलेल्या हिरव्या, बुळबुळीत पायऱ्या एकेक करून उघड्या पडत गेल्या. होड्या कुशीवर कलंडल्या. आणि लोक पळायचे सोडून पुढे आले, फोन काढून. दोघे तर पायऱ्या उतरायला लागले. नानांनी त्यांना कॉलरला धरून मागे ओढलं आणि अशी शिवी हासडली की वीस वर्षं गिळलेल्या शब्दांचा हिशेब एका दमात पुरा झाला.

भावजींच्या शेजारची लाँच चिखलात बसली होती. तिचा लाँचवाला खाली उतरून तिच्या तळाच्या पंख्यात काही अडकलंय का, ते वाकून पाहत होता.

"वर या!" ती ओरडली. "पाणी परत येतंय, वर या!"

त्याने मान वर केली, हात केला. "येतो, येतो."

पाणी भिंतीसारखं उसळून आलं नाही. भांडं भरावं तसं ते भरत गेलं, पण नदीच्या वेगाने. लाँच उचलली गेली, जागच्या जागी फिरली आणि तो होता त्या बाजूला पडली. नाना पायरीवर कमरेपर्यंत पाण्यात उभे राहून दोर फेकत राहिले. दोर पकडायला कुणी नव्हतं.

त्याच वेळी भिंतीबाहेर भावजींचे बत्तीस उतारू भांडत होते. भलतीकडे कशाला आणलं, कामाला उशीर होतोय, पैसे परत द्या.

अकरा होड्या फुटल्या, एक माणूस गेला. चौकशी बसली. विभागप्रमुखांनी 'अपवादात्मक नैसर्गिक घटना' असं लेखी दिलं. समितीने तिला पहिला प्रश्न विचारला तो असा, "सगळ्यात आधी फोन तुम्ही आपल्या घरच्या माणसाला केलात, हे खरं?"

"खरं," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी त्या लाँचवाल्याची बायको घरी आली. ताईने पाणी पुढे ठेवलं, त्याला तिने हात लावला नाही.

"यांचा नंबर तुमच्याकडे नव्हता का हो?" तिने विचारलं.

"नव्हता," मास्तरीण म्हणाली.

"मागितला का नाहीत? दोन्ही लाँचा तर एकाच खुंट्याला बांधायच्या."

आतल्या खोलीत भावजी होते. ते बाहेर आले नाहीत. ती बाई थोडा वेळ बसली, मग चपला घालून निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरीण वही घेऊन धक्क्यावर फिरली. होडीवाले, मासेवाले, गाळ काढणारे, सगळ्यांचे नंबर तिने घेतले. सेहेचाळीस झाले. समितीपुढे तिने दोन्ही ठेक्यांचे आलेख ठेवले, आणि भिंतीच्या अहवालाची प्रतही. उत्तर आलं ते असं : भिंतीचा फेरविचार करायला नवी समिती, लाँचसेवा सोमवारपासून पूर्ववत, आणि परस्पर इशारे दिल्याबद्दल तिचं प्रोबेशन एक वर्षाने वाढवलेलं. काढून टाकलं नाही, कारण यंत्रं वाचायला दुसरं कुणी नव्हतं.

"नोकरी सोड," ताई म्हणाली.

"सोडली तर यंत्रंही बंद होतील."

त्यानंतर दोनदा तिने सगळ्यांना निरोप धाडला. पहिल्यांदा पाणी हातभर हललं. दुसऱ्यांदा तेवढंही नाही, आणि दिवसाची कमाई बुडाली म्हणून लोकांनी तिला तोंडावर शिव्या घातल्या.

तिसरा निरोप तिने एका ढगाळ सकाळी पाठवला आणि स्वतः धक्क्यावर गेली. भावजी सगळ्यात आधी बाहेर पडले. त्यांच्यामागून एकेक करत होड्या भिंतीपलीकडे गेल्या. तिने मोजल्या. एकोणीस. उरलेल्या आतच होत्या. कुणी जाळं विणत होतं, कुणी तिच्याकडे पाठ करून बसलं होतं. नाना धक्क्याच्या कडेकडेने फिरत एकेकाला हाका मारत होते. पाणी अजून हललं नव्हतं.