भागिरथीचा भैरोबा

भिंगारच्या गोऱ्यांच्या जुन्या कब्रस्तानात भागिरथी बारा वर्षं झाडू मारत होती. भुताखेतांना भिणारी ती बाई नव्हेच; मेलेल्या साहेबांपेक्षा जिता मुकादम वाईट, असं ती तोंडावर म्हणायची. पण त्या दिवशी भर दुपारी तिची बोबडी वळली.

कोपऱ्यात घाणेरीच्या जाळीत तिचा भैरोबा होता. पानांतून दिसणारी, दगडात कोरलेली तीन टोकं तिनेच पहिल्यांदा पाहिली, त्रिशूळ म्हणून हात जोडले आणि शेंदूर फासला. कुणाला विचारायचं कशाला? लेक निकिताचे दोन गर्भ पडले होते. तिसऱ्या खेपेला भागिरथी या दगडाला नवस बोलली होती, "एवढं सुखरूप होऊ दे, बाळ तुझ्या पायावर आणून घालीन." सहा महिने दर रविवारी नारळ चुकला नव्हता.

आज निकिताला सकाळीच दवाखान्यात नेलेलं, आणि इकडे नेमकी तीच जाळी तोडली गेली. मुकादम योगेशने शेंदूर खरवडला, खालची इंग्रजी अक्षरं वाचली आणि हसत सुटला.

"अवो मावशी, कसला भैरोबा! आरमारातला साहेब हाय ह्यो. त्रिशूळ न्हाई, जहाजाचा नांगर हाय. तेवीस वर्साचा गडी, हितं तापानं गेला. आईबापाचा एकुलता एक, बिनलग्नाचा."

बिनलग्नाचा! भागिरथी दोन पावलं मागे सरली. असा वासना राहून अर्ध्यावर गेलेला जीव, आणि त्याला आपण लेकरू कबूल केलं? अगं बाई, काय करून बसले मी!

तेवढ्यात फोन वाजला. जावई सुनील होता.

"आई, मुलगी झाली! दोघी छान आहेत. सव्वा महिन्यानं तुमच्या भैरोबाच्या पायावर घालायची म्हणतेय निकिता."

"न्हाई!" भागिरथी किंचाळली. "तिला हिकडं आनायची न्हाई!"

फोन तिच्या हातातून गळाला. नवस तर फळला होता. कुणी ऐकला होता? आणि नाही आणलं, तर हा मागायला घरी येईल?

ती मटकन खाली बसली, मग त्या दगडाच्या पायथ्याशी चक्क आडवी झाली.

"सायेब, बोलले ती मी. लेकराचा काय गुन्हा? मला घ्या."

योगेशचं हसू कधीच पळालं होतं. "मावशी, उठा की! येडं लागलंय का तुमाला?"

"थांब," ती डोळे गच्च मिटून म्हणाली. "त्याला व्हय म्हनू दे."