अजून सत्तावीस

मित्रांनो, तुम्ही मला कुठे पाहिलं असेल तर पाय ठेवून पुढे गेला असाल. मी शिंदीच्या पात्यांची एक जुनी चटई. माझे काठ विटले आहेत, एक कोपरा उंदरांनी नेला आहे आणि मधोमध एक पट्टा घासून घासून गुळगुळीत झाला आहे. तो पट्टा एका बाईच्या पाठीचा आहे. त्याचा मला अभिमान वाटतो. कुणाला नाक मुरडायचं असेल तर त्याने खुशाल मुरडावं.

मला विणली ती दिघीजवळच्या एका म्हातारीने. तिची लेक ठमाबाई, ती पुढे भेटेलच. तिने पाती सावलीत वाळवली, पाणी शिंपडून मऊ केली आणि चार दिवस गुडघ्याखाली दाबून धरून मला विणलं. तिथून मी महादेवरावांच्या घरी आले. नारळी-पोफळीची मोठी वाडी होती त्यांची. महादेवरावांचं लग्न झालं तेव्हा नवी नवरी अनुसूया पहिल्यांदा माझ्यावरच टेकली. पुढे माझ्यावर पापड वाळले, आंबापोळ्या वाळल्या, उन्हाळ्यात पाहुणे लोळले. "काय गार चटई आहे हो!" असं जो तो म्हणायचा आणि मी मनातल्या मनात फुगायचे.

मग मुंबईहून पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी आली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण त्या सतरंजीचे नऊ दिवस काही संपेनात. मला गुंडाळून माळ्यावर उभी केली ती केलीच. नऊ वर्षं मी तिथे एका मोडक्या रवीशेजारी उंदरांच्या तावडीत होते. उपयोग संपला की वस्तूला उभी करून ठेवतात, हे मी तिथे शिकले.

खाली घरात आणखी एकीला असंच बाजूला ठेवलं होतं. अनुसूया विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली होती. पाठ धरली ती सुटेना. वैद्याने सांगितलं, "आता हलू नका." घरच्यांनी ते इतकं मनावर घेतलं की दोन वर्षं तिला कुणी हलूच दिलं नाही. भिंत धरून न्हाणीपर्यंत जायचं आणि परत पलंगावर पडायचं, एवढाच तिचा प्रवास उरला होता. वय होतं बेचाळीस.

सन एकोणीसशे तेहेतीसच्या कार्तिकात खाडीपलीकडून, आगरदांड्याहून पत्र आलं. लेक अंबिका तिकडे दिली होती. तिला तिसरा महिना लागला होता. आनंदाची बातमी, पण खाली दोन ओळी होत्या. महादेवरावांनी त्या मोठ्याने वाचल्या. "विहीणबाई अंथरुणाला खिळल्या आहेत असे समजते. तरी पहिले बाळंतपण इकडेच व्हावे. विहीणबाई स्वतः न्यायला आल्या, तरच सातव्यात मुलीला पाठवू."

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, मित्रांनो. हे काही कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण ते मोडलं तर आईच्या काळजात मोडतं. अनुसूया भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. महादेवराव म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं. तुला उठता येत नाही, तू तिचं काय करणार?"

"मी जाईन आणायला," अनुसूया म्हणाली.

"होडीत चढणार कशी?"

"ते मी बघीन."

पोफळीची सुपारी सोलायला ठमाबाई रोज वाडीत यायची. दुसऱ्या दिवशी ती पलंगाशी येऊन बसली. "वैनी, माजा दादा दयाराम बोटीवर आगवाला व्हता न्हाय का, भट्टीत कोळसा घालायला? शिडीवरनं पडला, पाट गेली. तितं परमुलखात इस्पितळात त्येला निजल्या निजल्या कसरत करायला लावली. आज होडी वल्हवतोय त्यो."

"निजून कसली कसरत?" अनुसूया म्हणाली. लग्नानंतर तिने फुगडीसुद्धा घातली नव्हती.

"मला समदी दावलीय त्येनं. पन पलंगावर न्हाय जमायची, मऊ लागतंय. भुई पायजे आन् चटई पायजे."

सतरंजी घसरते, असं म्हणून ठमाबाई माळ्यावर चढली. नऊ वर्षांनी मला उजेड दिसला. तिने मला झटकलं आणि ओळखलं. "ही माज्या आयेच्या हातची!" असं म्हणून तिने माझ्यावरून हात फिरवला.

सुपारीच्या खोलीत दुपारी, सगळे जेवून लवंडले की आमची शाळा भरायची. पहिल्या दिवसाची गोष्ट सांगू का? अनुसूयेला माझ्यावर उतरायलाच इतका वेळ लागला की ठमाबाईची तंबाखू मळून, खाऊन, थुंकून झाली. गुडघे उभे, तळवे भुईला, हात बाजूला. श्वास सोडायचा आणि डोकं उचलायचं. डोकं चार बोटंही उचललं गेलं नाही. मान थरथरली आणि धप्पकन माझ्यावर आदळली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते माझ्या पात्यांत मुरलं.

"ऱ्हाऊं दे का?" ठमाबाईने विचारलं.

"राहू दे कशाला? पुन्हा सांग."

"श्वास सोडायचा आन् पोट पाठीला लावायचं. बेंबी पार मणक्याला भिडली पायजे."

दाराआडून हे ऐकलं आत्याबाईंनी. आत्याबाई म्हणजे महादेवरावांची विधवा आत्या. नजर अधू, पण कान तिखट. पोट पाठीला लागतं ते उपाशी माणसाचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्या थेट महादेवरावांकडे गेल्या. "भरल्या घरात सून पोट पाठीला लावायला निघाली आहे! गावात तोंड दाखवायला जागा राहील का?" त्या दिवसापासून अनुसूयेच्या भातावर तुपाची धार दुप्पट झाली. अनुसूया मुकाट्याने खायची आणि दुपारी ते सगळं माझ्यावर जिरवायची.

मार्गशीर्षात डोकं उचललं. पौषात कंबर उचलली. मग ती निजल्याची उठून बसायला शिकू लागली, हाताचा टेकू न घेता, एकेक मणका माझ्यापासून सोडवत. नऊवारीचा कासोटा घट्ट मारला की बाईला कसरतीला आणखी काही लागत नाही, हेही तेव्हा कळलं. रडायची, चिडायची, ठमाबाईला नाही नाही ते बोलायची, पण एक दुपार चुकवायची नाही. शेवटी सरळ उताणं पडून, डोळे मिटून शंभर श्वास मोजायचे. मधे उठायचं नाही, उठलं की पाठीत उसण भरते, अशी दयारामची सक्त ताकीद होती.

आणि तिथेच माघात घोटाळा झाला.

सुपारीचे ढीग वाढल्यामुळे त्या दिवशी मला आडवी अंथरायला जागा नव्हती. ठमाबाईने मला उभी घातली, म्हणजे अनुसूयेचे पाय आले दक्षिणेला. तिचे श्वास मोजणं चाललं होतं. ठमाबाई उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून बाहेर गेली होती. इतक्यात आत्याबाई आत आल्या. त्यांना काय दिसलं ते बघा. भुईवर चटई, चटईवर सून, पाय दक्षिणेकडे, डोळे मिटलेले, उशाशी पाणी. आपल्याकडे माणूस जायला लागलं की त्याला पलंगावरून भुईवर घेतात. आत्याबाईंनी जी किंकाळी फोडली ती खाडीपलीकडे गेली असेल.

"महादेवा, धाव रे! अनुसूयेला भुईवर घेतली!"

महादेवराव वाडीतून अनवाणी धावत आले. येता येता वृंदावनातलं पान खुडलं आणि ते तिच्या ओठांत ठेवलं. त्या माणसाचे अश्रू माझ्यावर टपटप पडले. चार महिने "काय करणार तू" म्हणणारा तो हाच, पण त्या क्षणी मला त्याची दया आली.

अनुसूयेने डोळे उघडले. तुळशीचं पान चावलं, गिळलं आणि म्हणाली, "थांबा. अजून सत्तावीस राहिलेत."

आणि डोळे मिटून तिने चौऱ्याहत्तर म्हटलं.

तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. शेजारचे दोघे तर हिरवे बांबू तोडून फाटकात उभे होते. शंभर झाले, तेव्हा अनुसूयेने हात पुढे केले आणि कुणाचा, कशाचा टेकू न घेता, मणका मणका सोडवत उठून बसली. मग उभी राहिली.

आत्याबाईच आधी सावरल्या. "ही चटई आता घरात नको. मढ्याची चटई ही, खाडीत टाका." महादेवरावांनी मान डोलावली. "टाकू या. आणि हे खूळही आता बास."

माझा जीव पाती-पातीत गोळा झाला. शेजाऱ्याने मला उचलायला हात घातला, तोच अनुसूयेने माझ्या काठावर पाय रोवला.

"हात लावू नका तिला! दोन वर्षं मला पलंगावर मेल्यासारखं ठेवलंत, तेव्हा पलंग नाही कुणी खाडीत टाकला. या चटईवर मी उठले. चटई गेली तर मीही जाईन तिच्याबरोबर. खूळ म्हणायचं तर म्हणा. फाल्गुनात मी आगरदांड्याला जाणार आहे."

मग फाटकाकडे बघून ती म्हणाली, "आणि ते बांबू तेवढे परसात ठेवा. पडवळाच्या वेलाला मांडव करायचाच होता."

ठमाबाई पदरात तोंड खुपसून हसली. पडवळ त्या वर्षी भारी लागलं.

फाल्गुनात आम्ही दिघीच्या धक्क्याखाली उभे होतो. आम्ही म्हणजे अनुसूया, महादेवराव आणि तिच्या काखेत गुंडाळलेली मी. ओहोटी होती. होडी गुडघाभर पाण्यात डोलत होती. अशा वेळी बायकांना खुर्चीत बसवून उचलून नेत, आणि महादेवरावांनी खुर्ची आणलीसुद्धा होती.

"बस," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "पडलीस तर लेकीला काय तोंड दाखवू?"

"खुर्चीतून गेले तर मी काय दाखवू?"

पलीकडच्या काठावर ती कशी उतरते ते बघायला व्याही-विहीण उभे असणार, हे तिला ठाऊक होतं. तिने लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली. होडीचा काठ तिच्या कमरेपर्यंत आला. वल्हं धरून दयाराम उभा होता. तो हळूच म्हणाला, "वैनी, बेंबी पाठीला."

तिने श्वास सोडला. माझ्या अंगाला ते पोट आत गेलेलं कळलं. एक पाय उचलला, काठावरून पलीकडे टाकला. होडी कलली. महादेवराव "अगं!" म्हणून ओरडले. दुसरा पाय आत आला. ती फळीवर बसली आणि मागे वळून नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला खुर्ची हवी का?"

अंबिका माहेरी आली. ज्येष्ठाच्या पहिल्या पंधरवड्यात मुलगी झाली. आईने दोन्ही हातांनी सगळं केलं, न्हाऊमाखू, शेकशेगडी, सगळं. आणि बाळ चार महिन्यांचं झालं तशी एका दुपारी तिने मला माजघरात अंथरलं, वर दुपटं घातलं आणि नातीला उताणं ठेवलं. पोरीने पाय उचलले. मूठ आवळली. तोंड लालबुंद केलं, कण्हली, धप्पकन परत पडली. पुन्हा जोर केला. मला सगळं ओळखीचं वाटलं. तिसऱ्या खेपेला ती कुशीवर गेली आणि फतकन पालथी पडली.

आत्याबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. त्यांनी पुन्हा तशीच किंकाळी फोडली. "महादेवा, धाव रे! पोर भुईवर पालथी पडली!"

आणि शेजारचे ते दोघेही पुन्हा धावत आले, पण या वेळी हात मोकळे होते.

मित्रांनो, मी आता फार जुनी झाले आहे. मला फाटकी म्हणा, पण मढ्याची म्हणू नका आणि गुंडाळून माळ्यावर उभी करू नका, मला किंवा घरातल्या कुणालाही. कुणी भुईवर पडलेलं दिसलं तर बांबू तोडायला धावण्याआधी जरा जवळ जाऊन विचारा, अजून किती राहिलेत.