शेळीला न चालणारा पालक

माझा स्वभाव संशयी आहे, आणि मला पगारही त्याचाच मिळत होता.

मी मिल्का झिराडकर, राहणार रास्ता पेठ. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक विचारायला लागले, आता वेळ कसा घालवता? जसा काही तो मी त्यांच्याकडून उसना आणला होता. तेवढ्यात आमच्या सिनेगॉगच्या मंडळींनी ही नोकरी आणून दिली. वाघोलीच्या पुढे एक कारखाना होता, पालक धुऊन, चिरून, गोठवून परदेशी पाठवणारा. घेणारे गिऱ्हाईक आमच्या धर्माचे, म्हणजे ज्यू. त्यांना माल कोशेर लागे, म्हणजे धर्माप्रमाणे खायला चालेल असा. धर्मात किडा निषिद्ध. आणि पालकात किडा नसेल तर काय असेल? तिकडचे रब्बी, आमचे धर्मगुरू, वर्षातून एकदा येऊन बघून जायचे. बाकीचे दिवस त्यांचे डोळे म्हणजे मी.

काम सोपं होतं. प्रत्येक टेम्पोतले तीन क्रेट उचलायचे, पानं पाण्यात खळबळायची, ते पाणी पांढऱ्या कापडातून गाळायचं आणि कापड दिव्यावर धरून भिंगातून बघायचं. मावा, अळी, फुलकिडा, काहीही दिसलं की टेम्पो परत. नाही दिसलं की कागदावर सही. सहीशिवाय कंटेनर हलत नसे. शनिवारी मी येत नसे. आमचा तो विश्रांतीचा दिवस.

पहिल्याच वर्षी मी रंगरावांचे तीन टेम्पो परत पाठवले. रंगराव तिथूनच सहा-सात किलोमीटरवरचे शेतकरी, पन्नाशीचे, बोलायला कमी. तिसऱ्या वेळी ते टोपी हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. त्यांना समजावं म्हणून मी तोरातलं, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातलं वचन सांगितलं, की आंधळ्यापुढे धोंडा ठेवू नये. पाकीट उघडून खाणाऱ्याला आतला किडा दिसत नाही, म्हणजे तो आंधळाच. तेव्हा एक किडा दिसला तरी माल परत, मग कुणी का असेना. त्यांनी मान हलवली. सांगणं कसं चोख झालं, म्हणून मी खूश झाले. मास्तरणीची खोड.

परत गेलेला माल हिंजवडीच्या कँटीनला जायचा, हे मला ठाऊक होतं. तिथली पोरं संगणकाकडे बघत जेवतात, ताटात अळी आहे की कोथिंबीर त्यांना काय कळणार!

पुढची दिवाळी सरली आणि रंगरावांच्या पालकात किडे सापडेनात. एक आठवडा, दोन, तीन. कापड कोरं. कारखान्याचा मॅनेजर अवधूत आधी सॉफ्टवेअरमध्ये होता, तिथून तो पालकात कसा उतरला देव जाणे. त्यानं मीटिंगमध्ये भिंतीवर आलेख दाखवला. लाल रेघ खाली खाली येत जमिनीला टेकलेली. झिरो डिफेक्ट, मॅडम, म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. ज्या मुलाच्या वहीत एकही खाडाखोड नसते, त्यानं शेजारच्याचं उतरवलेलं असतं, हे मी तीस वर्षं बघितलंय.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

पहिला संशय अवधूतवर. माझ्यापुढे मुद्दाम निवडलेले क्रेट येत असतील. म्हणून मी पहाटेची पहिली बस धरली, फाटकातच टेम्पो थांबवला आणि तळातले क्रेट स्वतः ओढून काढले. कापड कोरं. दुसरा संशय धुणाऱ्या बायकांवर. माझ्या आधीच धुऊन ठेवत असतील. तासभर त्यांच्या डोक्यावर उभी राहिले. त्यांनी काहीच केलं नव्हतं, नुसत्या माझ्याकडे बघून हसत होत्या. तिसरा संशय माझ्या डोळ्यांवर. नवा चष्मा केला. त्यातून शेजारणीच्या साडीवरचा तेलकट डाग दिसला, किडा नाही.

मग एका गुरुवारी मी ती पानं नाकाला लावली. पालकाला वास असतो, ओल्या मातीचा. याला नव्हता. दुसराच कसला तरी होता, कपाटातल्या डांबरगोळ्यांच्या जवळपासचा. आणि एका पानालाही भोक नव्हतं. एवढ्या हिरव्यागार पानाला जगातल्या एकाही अळीनं तोंड लावू नये?

अवधूतला सांगितलं, आज सही संध्याकाळी, मी शेतावर जाऊन येते. त्यानं घड्याळ दाखवलं. कंटेनर चारला निघणार होता. मी म्हटलं, मग लवकर येते. पिशवीत त्याच पालकाची एक जुडी टाकली आणि परतणाऱ्या टेम्पोत रंगरावांच्या शेजारी जाऊन बसले. सगळ्या वाटेत ते समोर बघत टेम्पो चालवत होते, आणि मी मनात त्यांच्यावर खटला चालवत होते. हे कुणाचा तरी दुसऱ्याचा माल आणतात. नाहीतर अवधूतचा यात वाटा आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण पोलिसाच्या मनात काय काय असतं ते कुणी सांगत नाही.

शेत चांगलं होतं. एकसारखे वाफे, पाणी खळखळतंय. पण बांधावर शेवगा फुलला होता आणि त्यावर एक माशी नव्हती. फुललेल्या शेवग्यावर मधमाशा नसतील तर मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगावं असा तो प्रकार. मी लिहून घेतलं नाही. उन्हामुळे असेल, म्हटलं. संशयी माणूससुद्धा नको तिथे विश्वास ठेवतो.

रंगरावांच्या बायको, गोदाबाई, ओट्यावर बसल्या होत्या. डोळे लाल, पाणी गळतंय. बोटांची सालं निघालेली. त्यांनी पाण्याचा तांब्या दिला, तोसुद्धा पदरात धरून. डोळे आले असतील, म्हणून मी जरा लांबच बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून डबा काढला.

दारात एक शेळी बांधलेली. ती माझ्या डब्याकडे बघायला लागली, आणि माझा हात थांबला. आमचं घराणं कोकणातल्या तेल्यांचं. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणत. त्या दिवशी घाण्याच्या बैलालाही सुट्टी, कारण जनावरालाही विश्रांती द्यावी असा देवाचा हुकूम. आणि रोज जेवणाआधी वडील उठून बैलाला वैरण घालून यायचे, मग पानावर बसायचे. आधी मुक्या जिवाला, मग आपल्याला, हीही आमच्या धर्माची शिकवण. वडील गेले, बैल गेला, घाणा गेला. रास्ता पेठेत तिसऱ्या मजल्यावर मी कुणाला वैरण घालणार? पण समोर जनावर आलं की मला आधी घास उचलवत नाही. मी पिशवीतली पालकाची जुडी काढली आणि शेळीपुढे धरली.

गोदाबाई ओट्यावरून जवळजवळ पडल्याच. त्यांनी शेळीचं दावं खसकन मागे ओढलं आणि माझ्या हातातली जुडी हिसकावून घेतली.

"बाई, तिला नगा देऊ."

"का? तुमच्याच शेतातला आहे."

"आमच्या शेतातलाच हाय. म्हनून नगा देऊ."

मी त्यांच्याकडे बघितलं, शेळीकडे बघितलं. मग घराच्या मागे नजर गेली. तिथे सांडपाण्यावर चार हात जागेत वेगळा पालक लावला होता, भोकाभोकांचा, चाळण झालेला. तो घरच्यांना आणि शेळीला. मोठ्या वाफ्यातला फक्त आम्हाला, म्हणजे ज्यांना तो धर्माप्रमाणे शुद्ध लागतो त्यांना.

मग सगळं बाहेर आलं. काढणीच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरली की फवारा. दुकानदारानं दिलेली दोन औषधं एकत्र करून. रंगराव मारायचे, आणि सकाळी दव असतानाच गोदाबाई खुडायच्या, ओल्या पानांत हात घालून. दिवाळीपासून हेच. मागच्या महिन्यात त्या वाफ्यातच चक्कर येऊन पडल्या होत्या. दवाखान्यात ऊन लागलं म्हणून सांगितलं. थंडीत!

माझं डोकं फिरलं. अहो, माणसं आहात की कोण, असं मी तोडून बोलले. लोकांच्या पोटात हे घालता? बायकोच्या हातांकडे तरी बघितलंत का? असं कुणी सांगितलं तुम्हाला करायला?

रंगराव टेम्पो पुसत होते. त्यांनी फडकं पिळलं, बॉनेटवर वाळत टाकलं आणि मग माझ्याकडे वळले.

"तुमीच," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. ते सांगत गेले. तीन टेम्पो परत आले. एक किडा दिसला तरी माल परत, मग कुणी का असेना, असं बाई म्हणाल्या. औषधाचं बाईंनी कधी इचारलंच न्हाय. मग जे बाई बघत्यात ते आमी काढलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दोन महिने मी चोर शोधत होते, मॅनेजर झाला, बायका झाल्या, चष्मा झाला, आणि चोर म्हणे रोज पहिल्या बसनं येतो. आंधळ्यापुढे धोंडा ठेवू नये म्हणून ज्यांना मी ऐकवलं, त्यांच्याच वाटेत मी धोंडा ठेवून आले होते. मला फार लाज वाटली. डबा तसाच बंद केला.

साडेतीनला कारखान्यात पोचले. अवधूत कागद घेऊन फाटकाशीच उभा. मी म्हटलं, सही नाही. त्यानं विचारलं, किडे निघाले का? मी म्हटलं, नाही, म्हणूनच. त्याला वाटलं मला ऊन लागलंय. सगळं सांगितलं तसा त्यानं हातातला कागद खाली केला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, औषधाचा कॉलम माझ्याकडे आहे. तुमच्याकडे फक्त किड्यांचा." म्हणजे वास त्यालाही आला होता. तो म्हणाला, फारच असेल तर उद्यापासून रंगरावांना बंद करतो, दुसरे शेतकरी आहेत. मी म्हटलं, आणि त्या दुसऱ्यांच्या मालात किडा निघाला की तुम्ही त्यांना काय सांगणार? मी सांगितलं तेच ना? रंगराव बंद झाले तर माझी सहीही कायमची बंद. कागदावर कारणाची जागा होती. तिथे लिहिलं, तपासणाऱ्या बाईची चूक. खाली माझं नाव.

चारचा कंटेनर गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच रब्बींचा फोन आला. अवधूतनं तक्रार केलीच होती. नोकरी गेली हे धरूनच मी रिसीव्हर कानाला लावला. स्वच्छ माल का अडवला, त्यांनी विचारलं. मी बचाव केला नाही, फक्त शेळीचं सांगितलं. जे मुक्या जनावरापुढे टाकवत नाही, त्यावर मी कोशेर म्हणून सही कशी करू, एवढंच विचारलं. त्यांनी शेळीचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, वेढा घातलेल्या शत्रूच्या गावचं फळझाडसुद्धा तोडू नका म्हणणारा देव आपला, तो शेत मारायला सांगेल होय? किडा असलेला पालक मिठाच्या पाण्यात तीनदा धुऊन, तीनदा तपासून चालतो. वेळ लागेल, पण चालतो. हे तुम्हाला माहीत नव्हतं का?

माहीत होतं. आई घरी असाच धुवायची. पण कारखान्यात परत पाठवणं सोपं होतं, म्हणून मी तो विषयच कधी काढला नव्हता.

अवधूतनं महिनाभर कुरकुर केली, मग मिठाची पिंपं आणि चार बायका वाढवल्या. मी रंगरावांच्या शेतावर जाऊन सांगितलं, फवारा बंद करा, किडे आले तर मी धुऊन घेईन. त्यांनी ऐकून घेतलं. गोदाबाई आत निघून गेल्या.

तो वाफा नांगरून नवीन पेरलेला पालक दीड महिन्यानं आला. पानं भोकाभोकांची. रंगरावांनी क्रेट उतरवले आणि टेम्पोचं तोंड फाटकाकडे करून आत बसून राहिले. माल परत भरावा लागणार, अशी त्यांची खात्रीच होती. आणि पहिल्याच कापडावर एक हिरवी अळी निघाली, चांगली जाडजूड. धुणाऱ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. मी ती अळी कागदावर घेतली, बाहेरच्या झुडपात सोडून आले आणि मिठाचं पाणी भरायला सांगितलं. रंगरावांना म्हटलं, तुम्ही घरी जा, वेळ लागेल. ते गेले नाहीत. दुपारचं जेवणही त्यांनी टेम्पोतच केलं.

तिसऱ्या धुण्यानंतर कापड कोरं निघालं. पाच वाजता मी सही केली, एका हातात चहाचा कप घेतला आणि तो कागद टेम्पोच्या खिडकीतून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उलटून मागची बाजूसुद्धा बघितली. मग दार उघडून खाली उतरले आणि माझ्या हातातला चहा घेतला.

"काल आमच्या मंडळींनी शेळीला घातला हुता," ते म्हणाले. "खाल्ला तिनं."